फेंडर टॅग म्हणतो हिरवी, गाडी आहे जांभळी : मसल कारचे कारखान्याचे रंग

वुडवर्डकर

नमस्कार मंडळी. डेट्रॉइटच्या उत्तरेला राहतो. पोटापाण्यासाठी सस्पेन्शनची आकडेमोड करतो आणि हौसेपायी गॅरेजमध्ये एक ओझं आणून ठेवलंय : १९७० ची प्लिमथ डस्टर ३४०. 'डस्टर' म्हटल्यावर ज्यांना रेनॉची गाडी आठवली त्यांच्यासाठी सांगतो, ही दोन दारांची, प्लिमथच्याच व्हॅलियंटच्या साध्यासुध्या सांगाड्यावर बेतलेली, ३४० घनइंची व्ही-८ ची गाडी. साध्या गाडीत दांडगं इंजिन, म्हणजेच मसल कार. कागदावर २७५ अश्वशक्ती. त्या काळी अडीच हजार डॉलरच्या आसपास मिळायची. प्लिमथच्याच महागड्या हेमी कुडाची स्वप्नं पाहून, खिसा चाचपून, शेवटी घरी यायची ती ही.

घेतली तेव्हा जांभळी होती. तीच ती जगप्रसिद्ध जांभळी, जिला प्लिमथवाले 'इन-व्हायोलेट' म्हणायचे आणि डॉजवाले 'प्लम क्रेझी'. दोघेही क्रायस्लरचेच. डबा एकच, कोड एफसी७. विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं, 'ओरिजिनल कलर.' मीही मान डोलावली. गाडी बघताना माणसाची सगळी अक्कल डोळ्यांत जमा होते, डोक्यात काही उरत नाही.

घरी आणून बॉनेट उघडलं, ड्रायव्हरच्या बाजूच्या आतल्या फेंडरवर स्क्रूने बसवलेली पत्र्याची पट्टी मऊ फडक्याने पुसली. हाच फेंडर टॅग. तो खालून वर वाचायचा. तळच्या ओळीत ई५५, म्हणजे ३४० इंजिन. डी३२, म्हणजे टॉर्कफ्लाइट ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. पुढे गाडीचा क्रमांक, व्हीएस२९एच०बी वगैरे. त्यातला 'बी' म्हणजे हॅमट्रॅमकचा कारखाना, १९८० साली बंद पडलेला. मी रोज कामाला जातो त्या वाटेपासून तो फार लांब नव्हता. आता वरची ओळ. तिथे पहिलाच कोड रंगाचा.

ईएफ८.

म्हणजे आयव्ही ग्रीन मेटॅलिक. गडद हिरवा, शाळेतल्या काचफळ्यासारखा, फक्त त्यात चांदीची भुकटी मिसळलेली. वर व्ही१डब्ल्यू असाही कोड आहे, म्हणजे छतावर पांढरं विनाइल, चामड्यासारखं दिसणारं प्लास्टिकचं आवरण. डिकीतली चटई उचलली, खाली हिरवा. दाराचं रबर सोडवलं, खाली हिरवा. विनाइल मात्र अजून जागेवर आहे, जांभळ्या गाडीवर पांढरी टोपी.

जांभळ्याला आता भेगा पडल्यात, त्यामुळे रंगवायची तर आहेच. प्रश्न एवढाच : कारखान्यातून निघाली तशी हिरवी करू, की लोकांना आवडते तशी जांभळी ठेवू?

---

आमसूल

रुमाल टाकून ठेवतो. चहा घेऊन येतो.

---

दीडशहाणा

यात विचारायचं काय? जांभळी. लोक मसल कार म्हणून जे बघायला येतात ते हेच. हिरवी मेटॅलिक म्हणजे सरकारी जीपला पार्टीला नेल्यासारखं. गाडी तुमची, पैसे तुमचे, टॅग कोण वाचतंय?

---

जर्सीजगू

टॅग कोण वाचतंय? सगळे वाचतात हो. कार शोमध्ये माणसं आधी इंजिन बघत नाहीत, वाकून टॅग बघतात.

दीडशहाणा, तुम्ही म्हणता ती प्रतिमाच मुळात नंतर तयार झालेली आहे. क्रायस्लरचे भडक रंग, ज्यांना ते 'हाय इम्पॅक्ट' म्हणायचे, १९६९ च्या वसंतात आले आणि १९७२ पर्यंत त्यातले बहुतेक गेलेसुद्धा. म्हणजे जेमतेम तीन हंगाम. त्यांना थोडे जास्तीचे डॉलरही मोजावे लागायचे. डॉजचा 'सब्लाइम' तोच प्लिमथचा 'लाइमलाइट'. डॉजचा 'गो मँगो' तोच प्लिमथचा 'व्हिटॅमिन सी'. 'टॉप बनाना' तोच 'लेमन ट्विस्ट'. डॉजचा 'पँथर पिंक' प्लिमथच्या शोरूममध्ये 'मूलाँ रूज' व्हायचा. एकाच कंपनीची दोन दुकानं, एकच डबा, दोन लेबलं.

त्या वर्षांतले शाळा-कारखान्यांच्या पार्किंगचे जुने फोटो बघा. हिरवा, सोनेरी, बेज, फिकट निळा, पांढरा. मधूनच एखादा नारिंगी ठिपका. आज शोमध्ये गेलात तर वाटेल १९७० साली अमेरिकेत सगळे नारिंगी आणि जांभळ्याच गाड्या चालवत होते. अर्ध्याअधिक नंतर रंगवलेल्या.

---

वुडवर्डकर

जगूभाऊ, नेमकं हेच डोक्यात घोळतंय. ऑगस्टमध्ये इथल्या वुडवर्ड रस्त्यावर जुन्या गाड्यांची मिरवणूक, वुडवर्ड ड्रीम क्रूझ, असते. १९९५ पासून चालू आहे, फर्नडेलपासून पाँटिअॅक गावापर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक खुर्च्या टाकून बसतात. गेल्या वेळी मी कोपऱ्यावर बसून मोजलं : एका तासात जांभळ्या क्रायस्लर गाड्या अकरा. गडद हिरवी एक, आणि तीही पिकअप.

---

ह्यूस्टनची मावशी

माझाही अनुभव ऐका. आमची १९६९ ची मस्टँग मॅक १. घेतली तेव्हा ग्रॅबर ऑरेंज. मला तेव्हा एवढंही माहीत नव्हतं की फोर्डचे ग्रॅबर रंग (ब्लू, ऑरेंज, ग्रीन) १९७० चे. म्हणजे माझी गाडी स्वतःच्या जन्माआधीचं नाही, जन्मानंतरचं लुगडं नेसून उभी होती!

फोर्डवाल्यांचं एक बरं आहे. केव्हिन मार्टी यांच्याकडे १९६७ पासूनच्या फोर्डच्या उत्पादनाच्या नोंदी आहेत. क्रमांक पाठवा, पैसे भरा, रिपोर्ट येतो : गाडी कुठल्या रंगाची, कुठल्या डीलरकडे गेली, तशा किती निघाल्या. आमचा आला. शॅम्पेन गोल्ड. नवरा म्हणाला, 'हा काय रंग आहे? चहा सांडल्यासारखा.' मी म्हटलं, हा तर माझ्या आईच्या लग्नातल्या शालूच्या काठाचा रंग. दोन वर्षं वाद चालला. शेवटी गोल्ड. आता उन्हात उभी असली की नवराच लोकांना बोलावून दाखवतो. वुडवर्डकर, हिरवी कर रे बाबा.

---

दीडशहाणा

मावशी, शालूचा मुद्दा बिनतोड, पण बाजार शालू बघत नाही. एफसी७ आणि ईएफ८ शेजारी उभ्या करा, गर्दी कुठे होते ते बघा.

---

जर्सीजगू

हिरव्याला भाव नाही म्हणता? जानेवारी २०२० मध्ये फ्लोरिडात किसिमीच्या लिलावात हॉलिवूडचा नट स्टीव्ह मॅक्वीनच्या 'बुलिट' चित्रपटातली १९६८ ची मस्टँग गेली. हायलँड ग्रीन. डागडुजी न केलेली, गंज-पोच्यांसकट. ३७ लाख ४० हजार डॉलर.

---

दीडशहाणा

तो भाव मॅक्वीनचा. हिरव्याचा नाही.

---

जर्सीजगू

मान्य. :)

---

पेठेतला पेंटर

उशिरा आलो, दुकानात काम होतं. पुण्यात तीस वर्षं डेंटिंग-पेंटिंग करतोय. अमेरिकन मसल कारला हात लावलेला नाही, पण रंगाला लावलाय, म्हणून बोलतो.

आपल्याकडे अजूनही म्हातारी गिऱ्हाइकं म्हणतात, 'कपाटाला ड्यूको मारून द्या.' ड्यूको हा रंगाचा प्रकार नाही, ड्यूपॉन्ट कंपनीने आपल्या रंगाला दिलेलं नाव आहे. जनरल मोटर्सला सोबत घेऊन त्यांनी तो १९२० च्या दशकात काढला आणि १९२४ सालच्या ओकलंड गाड्यांवर निळा मारून बाजारात आणला. त्याआधी गाडीचं वार्निश वाळायला आठवडे लागायचे. फोर्डची मॉडेल टी १९१४ पासून दहा-अकरा वर्षं काळीच यायची, त्यामागेही वाळण्याच्या वेगाचंच गणित होतं असं सांगतात. म्हणजे गिऱ्हाइकाला रंग निवडायला मिळतो ही गोष्टच मुळात वाळण्याच्या वेगातून आली. ओकलंडचीच धाकटी बहीण पाँटिअॅक. तिच्याच घरात पुढे १९६४ ची जीटीओ जन्मली, जिच्यापासून लोक मसल कारचा काळ मोजतात.

आता तुमच्या कामाचं. साठच्या दशकात जनरल मोटर्स अॅक्रिलिक लॅकर मारायची, क्रायस्लर आणि फोर्ड इनॅमल, भट्टीत भाजलेला. लॅकर घासून आरसा करता येतो, पण वयानुसार त्याला बारीक भेगा जातात. इनॅमलला मात्र संत्र्याच्या सालीसारखा पोत येतो. तुमच्या डस्टरचा मूळ रंग कधीच आरशासारखा नव्हता. हल्ली लोक बेसकोट मारून वर क्लिअरचे, म्हणजे पारदर्शक, थर चढवतात आणि गाडी काचेच्या बरणीत ठेवल्यासारखी दिसते. हिरवी करणार असाल तर सिंगल-स्टेजचा विचार करा, म्हणजे रंग आणि चमक एकाच थरात, वर क्लिअर नाही. मेटॅलिक सिंगल-स्टेज अवघड असतो, गन एकसारखी फिरली नाही तर ढग पडतात. पण जमला तर खरा दिसतो.

आणि जुना थर घासताना मास्क लावा, साधा कापडी नव्हे. त्या काळच्या रंगांत, प्राइमरमध्ये शिसं असायचं, पिवळ्या-नारिंगीत तर हमखास. पोरं गॅरेजमध्ये नकोत. सुक्यापेक्षा ओलं घासा.

---

आमसूल

पेंटरकाका, या एका प्रतिसादासाठी धागा वाचनखुणांत साठवला.

---

रंगरेषा

अवांतर, पण राहवत नाही. मी ग्राफिक डिझायनर. मला या गाड्यांपेक्षा त्यांच्या रंगांच्या नावांचं वेड आहे. 'इन-व्हायोलेट' म्हणजे जांभळाही आणि 'अभंग, अस्पर्श'ही. 'सॅसी ग्रास ग्रीन' म्हणताना गवत तोंड वर करून बोलतंय असं वाटतं. कळस केला फोर्डने, आणि तोही मसल कारवर नाही, १९७० च्या गरीब बिचाऱ्या मॅव्हरिकवर : 'अँटी-एस्टॅब्लिश मिंट', 'फ्रॉइडियन गिल्ट', 'ओरिजिनल सिनॅमन', 'थँक्स व्हर्मिलियन', 'हल्ला ब्लू'. शेवटचं नाव म्हणजे तिकडे गोंगाट, पण मराठी कानाला थेट निळा हल्ला.

व्हिएतनाम युद्धाविरुद्ध मोर्चे निघत होते आणि ज्यांच्याविरुद्ध ते निघत होते त्यांच्याच वयाची, टाय लावलेली माणसं बोर्डरूममध्ये बसून 'व्यवस्थाविरोधी पुदिना' विकत होती. मला हसूही येतं आणि कौतुकही वाटतं.

आपण नावं ठेवायची तर? मी सुरुवात करते. प्लम क्रेझी : वांगीवेड. सब्लाइम : नुसता पोपटी. पँथर पिंक : राणी कलर, दुसरं काही होऊच शकत नाही.

---

आमसूल

गो मँगो : पायरी. (हापूस नाही. हापूसचा रंग एवढा लाल नसतो, यावर वाद घालायची तयारी आहे.)

---

ह्यूस्टनची मावशी

टॉप बनाना : हळदीकुंकू, त्यातली फक्त हळद. आयव्ही ग्रीन : कढीपत्ता.

---

वुडवर्डकर

कढीपत्ता!! हे आता चिकटलं. बायकोला वाचून दाखवलं, ती गाडीला तेच म्हणतेय.

---

दीडशहाणा

धाग्याचा पाककृती विभाग होतोय. परत मुद्द्यावर. सगळे 'कारखान्याचा रंग' 'कारखान्याचा रंग' म्हणताय जणू तो वेद आहे. १९७० साली तो निवडला कोणी? बहुधा डीलरने, लॉटवर ठेवायला, पटकन खपेल म्हणून. किंवा कोणीतरी गेला, जी समोर उभी होती ती घेऊन आला. त्यात कुणाची आवड होती हे कशावरून? उलट ज्याने जांभळा मारला त्याने स्वतःच्या पैशाने, मनापासून निवडला असेल. त्याच्या निवडीला काहीच किंमत नाही?

---

जर्सीजगू

पहिल्यांदाच तुमचा मुद्दा विचारात पाडणारा आहे. :)

पण काही गाड्यांत कारखान्यानेच ठरवलेलं असायचं, आणि तिथे रंग म्हणजे गाडीच. १९७० ची ब्यूक जीएसएक्स फक्त दोन रंगांत : सॅटर्न यलो आणि अपोलो व्हाइट. एकूण ६७८, त्यातल्या ४९१ पिवळ्या. ती निळी केलीत तर ती जीएसएक्स उरते का? १९६९ ची पाँटिअॅक जीटीओ जज सुरुवातीला फक्त कॅरोसेल रेडमध्ये मिळायची. नाव रेड, दिसायला नारिंगी, आणि खरं तर तो शेव्हरोलेच्या कमॅरोवरचा हगर ऑरेंजच. अमेरिकन मोटर्सने (एएमसी) १९६९ च्या मध्यात 'बिग बॅड' ऑरेंज, ब्लू, ग्रीन काढले तेव्हा बंपरसुद्धा त्याच रंगात रंगवून दिले.

आणि ऑर्डर देऊन हवा तो रंगही मिळायचा. क्रायस्लरच्या टॅगवर रंगाच्या जागी ९९९ दिसलं तर समजायचं, कोणीतरी यादीबाहेरचा रंग मागून घेतला होता. वुडवर्डकरांच्या टॅगवर ९९९ असतं तर हा धागाच निघाला नसता.

---

नागपुरी नटबोल्ट

माझा एक बारका प्रश्न. टॅग खोटा नसेल कशावरून? इथे तर गाडीचं आरसी बुकही...

---

जर्सीजगू

असतातच. नवे टॅग कोरून मिळतात, आणि एफसी७ कोरलेल्या टॅगला गिऱ्हाईक जास्त. म्हणून आणखी पुरावा शोधायचा. पाँटिअॅकचे कागद मागवता येतात, फोर्डचे मावशींनी सांगितले. क्रायस्लरच्या या वर्षांच्या गाड्यांसाठी तशी सोय नाही. तिथे भरवसा ब्रॉडकास्ट शीटवर. जुळणीच्या रांगेत प्रत्येक गाडीसोबत एक कोडांनी भरलेला कागद फिरायचा, आणि कामगार तो बऱ्याचदा सीटच्या स्प्रिंगांमध्ये तसाच सोडून द्यायचे. मागची सीट उचला.

पण खरं सांगू का? हिरवा टॅग खोटा करायला कोण बसलंय? खोटेपणा नेहमी महाग दिशेला जातो.

---

वुडवर्डकर

मागची सीट उचलली. कागद होता. भूतकाळ. उंदरांनी त्यात बाळंतपणं केलीयेत. हाताच्या पंज्याएवढा तुकडा वाचला, त्यावर रंगाचा रकाना नाही. मात्र एक चांगली गोष्ट : सीटमागच्या पत्र्यावर मूळ हिरवा जसाच्या तसा आहे, ऊन न लागलेला. फोटोत येत नाही नीट. बॅटरीच्या उजेडात त्यात किंचित निळसर झाक दिसते. मी तासभर तिथेच बसलो होतो, बायकोने दोनदा जेवायला हाक मारली.

---

पेठेतला पेंटर

तो पत्रा अजिबात रंगवू नका. पुसूही नका. दुकानवाल्याला कोड सांगू नका, तो भाग दाखवा. कोडवरून मिसळलेला रंग आणि पन्नास वर्षांपूर्वीचा प्रत्यक्ष रंग यात फरक पडतो. आधी पत्र्याच्या तुकड्यांवर मारून बघा, तीन-चार. घरात नको, उन्हात आणि सावलीत दोन्हीकडे धरा.

---

आजोबा कुर्लेकर

मी सहसा नुसता वाचतो. प्लिमथ हे नाव बघून लिहावंसं वाटलं. आमच्या लहानपणी कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये डॉज, प्लिमथ, डिसोटो जोडल्या जात. वालचंद हिराचंदांची कंपनी. शेजारचे एक गृहस्थ तिथे होते, रविवारी आम्हा पोरांना फाटकापर्यंत न्यायचे. त्या गाड्या मोठ्या, गोल, आणि रंग सगळे सभ्य. तुम्ही म्हणता त्या जांभळ्या-पोपटी गाड्यांचा काळ आला तोवर बाहेरच्या गाड्यांना आपली दारं लागलेली होती. मुंबईला रस्त्यावर एकच रंगसंगती उरली, काळी-पिवळी. तुमची हिरवी बघायला आवडेल.

---

वुडवर्डकर

आजोबा, नमस्कार. तुमच्यासाठी फोटो नक्की.

दीडशहाणा यांचा मुद्दा मात्र डोक्यातून जात नव्हता, म्हणून विकणाऱ्याच्या आधीच्या मालकाला शोधून फोन केला. सत्तरीचे गृहस्थ. म्हणाले, जांभळा त्यांनीच मारला, १९९१ साली, भावाच्या गॅरेजमध्ये, दोन शनिवार-रविवार. मी विचारलं, का? म्हणाले, 'मला कुडा हवी होती. परवडली नाही.' आणि हसले. हिरवी करतोय म्हटल्यावर म्हणाले, 'ती हिरवी होती हे मी विसरूनच गेलो होतो.'

तर ठरलं : कढीपत्ता. सिंगल-स्टेज. डिकीच्या झाकणाची आतली बाजू जांभळीच ठेवतोय. शोमध्ये परीक्षक गुण कापतील, कापू देत.

---

दीडशहाणा

डिकीचं झाकण वाचवलंत. मी समाधानी आहे. पांढऱ्या विनाइलचं काय? तेवढं तरी उडवा, आइस्क्रीमच्या गाडीसारखं दिसेल.

---

जर्सीजगू

टॅगवर आहे म्हणजे राहणार. पण वुडवर्डकर, ते काढून खाली बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. विनाइल बऱ्याचदा काहीतरी झाकायलाच असायचं. १९७० ची प्लिमथ सुपरबर्ड आठवा, ती शेपटीवर उंच पंख असलेली. तिच्या सगळ्या गाड्यांना काळं विनाइल सक्तीचं होतं, कारण मागच्या काचेभोवती घाईत केलेली जोडणी झाकायची होती. हौस म्हणून नव्हे. तुमच्याकडे कारखान्याने काही झाकलं नसेल, पण मिशिगनमध्ये रस्त्यावर मीठ पडतं, आणि विनाइलखाली गेलेलं पाणी बाहेर येत नाही.

---

वुडवर्डकर

काल काढलं.

पुढच्या काचेच्या वर, डाव्या कोपऱ्यात, रुपयाच्या नाण्याएवढी तीन भोकं. आरपार. मागच्या काचेच्या खाली बोट लावलं तर बोट आत गेलं. रंगाचे नमुने कपाटात ठेवलेत. आता आधी पत्रा कापायचा, नवा जोडायचा. रंग दिवाळीनंतर, बहुधा पुढच्या.

---

पेठेतला पेंटर

छताचा पत्रा पातळ असतो, एका दमात वेल्डिंगची रेघ ओढू नका, तापून वाकेल आणि मग लांबीचे (पुट्टीचे) डोंगर घालावे लागतील. लांब लांब अंतरावर टाके मारा, थंड होऊ द्या, मग मधले. घाई नको. फोटो डकवा.